मुलाखतीला येताना किमान पायात बूट तरी…?

टॉवेलपट्टी | रविवार, सकाळी १०:२०

मंडळी, काल आमच्याकडे अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. कंपनीचं नाव सांगत नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, एवढं पुरे. मी तिथे हिशेब बघतो. एचआर वगैरे प्रकार आमच्याकडे नाही. एचआर पण मीच, चहा सांगणारा पण मीच.

चौदा जणांना बोलावलं होतं, आले नऊ. उरलेल्या पाचांतल्या एकीने 'दुसरीकडे लागले, येत नाही' असं फोन करून सांगितलं. चौघांचे फोन नुसते वाजत राहिले.

आता नवांचं ऐका. एकजण गोल गळ्याचा टीशर्ट घालून आला, छातीवर मोठ्या अक्षरात 'बाप आला' छापलेलं. एकाच्या गालात तंबाखूचा मावा. प्रश्न विचारला की आधी बोट वर करायचा, खिडकीशी जायचा, मग उत्तर. एकाने बायोडेटा आणलाच नव्हता, 'व्हॉट्सअ‍ॅपला टाकलाय की, बघा' म्हणाला. एकाचा फोन वाजला, तर त्याने माझ्यासमोर उचलला आणि 'इंटरव्ह्यूत आहे बे, पाच मिनिटांत सोडतील' असं सांगून ठेवला. एकाबरोबर वडील. ते नुसते आले असते तर काही नाही, पण मुलाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तेच द्यायला लागले. आणि नवांपैकी पाच जणांच्या पायात चपला. त्यातला एक तर रबरी स्लिपरवर, न्हाणीघरातून उठून आल्यासारखा.

मी १९९३ साली पहिल्या मुलाखतीला गेलो तेव्हा आदल्या रात्री पॅन्ट गादीखाली घडी घालून ठेवली होती, इस्त्री नव्हती म्हणून. नोकरी मिळाली नाही ती गोष्ट वेगळी. पण ही रीतभात गेली कुठे? तुमच्याकडे पण असंच आहे का?

कडकभाकरी | रविवार, १०:४१

पहिला! 'बाप आला' टीशर्टवाल्याबरोबरच बाप आला होता का?

सातरस्ता | रविवार, १०:५५

सहमत. मावा खाऊन मुलाखतीला येणाऱ्याला पाचशे रुपये दंड करावा आणि त्यातून ऑफिसची भिंत रंगवून घ्यावी.

नुकताच_बीकॉम | रविवार, ११:३०

काका, पगार किती आहे?

टॉवेलपट्टी | रविवार, ११:४८

@कडकभाकरी, नाही हो, ते वेगळे दोघे.
@नुकताच_बीकॉम, विषय रीतभातीचा चाललाय.

नुकताच_बीकॉम | रविवार, १२:१५

म्हणजे सांगायचा नाही. ठीक आहे. मग आता आमची बाजू ऐका.

मागच्या सात महिन्यांत सोलापुरात अकरा ठिकाणी मुलाखतीला जाऊन आलोय. सगळीकडे शर्ट इन करून, बूट घालून. अकरापैकी आठ ठिकाणी दिलेल्या वेळेला कोणीच नव्हतं. 'साहेब येलालेत, बसा.' एका ठिकाणी दहाचा टाइम होता, साहेब आले सव्वाएकला, आल्या आल्या जेवायला बसले. पावणेतीनला मला आत घेतलं आणि म्हणाले, 'टॅली येतं का? बरं, कळवतो.' चार मिनिटं. कळवलं कधी? कधीच नाही. अकरांपैकी 'नाही' असं सांगणारा फोन किंवा मेसेज एकाचाही आला नाही.

जाहिरातीत काय लिहितात? 'पगार योग्यतेनुसार.' योग्यता कळायच्या आधीच बसभाडं आमच्या खिशातून गेलेलं असतं. एका ठिकाणी विचारलं, 'गाव कुठलं, आडनाव काय, म्हणजे तुम्ही कोण?' आता यातलं 'म्हणजे तुम्ही कोण' कशासाठी असतं ते इथे सगळ्यांना कळतं.

तुमचे चार जण न कळवता आले नाहीत याचा तुम्हाला राग आला. आम्हाला तोच राग अकरा वेळा आला. फरक एवढाच की आम्ही धागा काढला नाही.

कडकभाकरी | रविवार, १२:२२

*पॉपकॉर्न नाही, शेंगाचटणी घेऊन बसलो आहे*

शेंगाचटणी | रविवार, १२:५०

कोणी बोलावलं मला? :)

मी मूळची बाळीवेसची, आता पुण्यात आयटी कंपनीत नोकरभरतीचंच काम करते. आमच्याकडे कपड्यांचा विषय कधीच मागे पडलाय. मॅनेजरच हाफ पॅन्टवर येतो तर उमेदवाराला काय बोलणार? पण रीतभातीचं म्हणाल तर आमचं दुखणं वेगळं आहे. पहिल्या दोन फेऱ्या व्हिडिओवर होतात. वर फॉर्मल शर्ट, खाली बर्मुडा हे आता नॉर्मल आहे. कळतं कधी? चार्जर लावायला उठतात तेव्हा. मलाही हसता येत नाही, कारण टेबलाखाली मीही पायजम्यातच असते.

पण एकदा एक मुलगा इतकी सुंदर उत्तरं देत होता की मी खूश. मग लक्षात आलं, आवाज येतोय आणि ओठ जरा मागून हलताहेत. दुसराच कोणीतरी बोलत होता, हा नुसता तोंड हलवत होता. मी म्हटलं, 'जरा पाणी प्या.' त्याने ग्लास तोंडाला लावला आणि उत्तर चालूच!

आता आम्ही सुरुवातीलाच सांगतो, कॅमेरा जरा फिरवा, खोली दाखवा. तर एका मुलीच्या आईने कॅमेऱ्याला नमस्कार केला आणि 'जेवून जा' म्हणाली. ती आमच्या सोलापूरचीच निघाली. तिला घेतली. (आईमुळे नाही हो, कोडिंग चांगलं होतं.)

कोथरूडचा_काका | रविवार, १:३५

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. पोशाख हा विचारांचा आरसा असतो. आमच्या काळी बूट पॉलिश नसतील तर दारातूनच परत पाठवत. छोट्या शहरांत हे संस्कारच होत नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते.

सातरस्ता | रविवार, १:४०

काका, ज्या 'छोट्या शहरा'ला तुम्ही संस्कार शिकवताय ना, तिथून शाळेचे गणवेश देशभर जातात. तुमच्या नातवाच्या अंगावरचा शर्ट इथेच कुठल्यातरी गल्लीत शिवलेला असायची शक्यता आहे. कॉलर वर करून बघा एकदा.

टेप_आणि_कात्री | रविवार, ३:१०

गणवेशाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझं टेलरिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आधी आम्ही एकेका गिऱ्हाइकाची सुटी कपडेशिलाई करायचो. आता नव्वद टक्के काम गणवेशाचं. एप्रिल-मे म्हणजे आम्हाला मान वर करायला वेळ नाही.

पूर्वी 'मुलाखतीची पॅन्ट' असा एक प्रकारच असायचा. पोरगं बापाबरोबर यायचं. कापड चाटी गल्लीतून आणलेलं, टेरिकॉट, रंग करडा नाहीतर कॉफी. बाप सांगायचा, 'आतून दाब जास्त ठेवा, लग्नाला पण चालली पाहिजे.' आणि ती चालायची. मुलाखत, लग्न, पहिल्या पोराचं बारसं, सगळीकडे तीच पॅन्ट, फक्त कंबर दर वेळी उसवून सैल करायची.

आता पोरं रेडिमेड घेऊन येतात आणि म्हणतात, घोट्याच्या वर घ्या. मी म्हणतो, 'अरे, फॉर्मल आहे, बुटावर पडली पाहिजे.' ते म्हणतात, 'अंकल, फॅशन आहे.' घेतो वर. मग परवा एकजण पळत आला, 'खाली सोडा, उद्या बँकेत इंटरव्ह्यू आहे.' कापड कापून टाकलेलं, सोडू कुठून?

एक सांगतो, नवा शर्ट खोक्यातून काढून तसाच घालून जाऊ नका. घडीच्या चौकोनी रेघा छातीवर दिसतात. माझ्याकडे एकजण मुलाखत संपवूनच आला होता, म्हणाला, 'काय की, मान टोचायलीय दिवसभर.' बघतो तर कॉलरच्या आत प्लास्टिकची पट्टी तशीच, आणि मागे एक टाचणी. बिचारा सकाळपासून मान ताठ करून बसला होता. त्यांना वाटलं असेल, काय आत्मविश्वास आहे!

कडकभाकरी | रविवार, ३:१८

त्याला नोकरी लागली का पण?

टेप_आणि_कात्री | रविवार, ३:२५

लागली. टाचणीचं श्रेय मला द्या म्हणालो त्याला.

पूर्वभागाची_पोर | रविवार, ५:०५

मी बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. आई विड्या वळते, वडील पूर्वी यंत्रमागावर होते. मी एम.कॉम. केलं. पहिली मुलाखत पुण्यात होती, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेले. पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले, चप्पल होती पण चांगली. कपड्यांवरून कोणी काही म्हटलं नाही.

त्यांनी विचारलं, 'या सॉफ्टवेअरवर काम केलंय का?' मी म्हटलं, 'हो की सर, कॉलेजात मी केलो होतो.' समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. मला कळेनाच काय झालं. आपल्याकडे बाई असो की बाप्या, 'मी केलो, मी सांगितलो' असंच म्हणतात. पुढच्या प्रश्नाला उत्तर येत नव्हतं, तर तोंडातून गेलं, 'काय की!' आपल्याकडे 'माहीत नाही' ला 'काय की' म्हणतात, पण त्यांना वाटलं मी उर्मटपणे खांदे उडवले. एकजण म्हणाला, 'मॅडम, इथे नीट बोला.'

येताना गाडीत खिडकीशी बसून कुर्डुवाडीपर्यंत मनातल्या मनात 'मला माहीत नाही, सर' असं म्हणत आले. घोकत आले अक्षरशः.

त्यामुळे रीतभात हा शब्द कोणी वापरला की मी जरा सावध होते. कोणाची रीत, कुठली भात?

शेंगाचटणी | रविवार, ५:२०

@पूर्वभागाची_पोर, कुर्डुवाडीपर्यंत! वाचून घसा दाटून आला. त्या खुर्चीत बसते म्हणून सांगते, हसले ते चुकले. पहिल्या वर्षी मी पण मीटिंगमध्ये 'मी मेल पाठवलो' म्हणाले होते. अजून चिडवतात.

सातरस्ता | रविवार, ५:३१

'काय की' ला +१००. हा शब्द नाही, आख्खं तत्त्वज्ञान आहे.

जुना_भोंगा | रविवार, ८:४५

बँकेतून निवृत्त झालो आहे. मिलचा भोंगा ऐकून शाळेत जायची वेळ कळायची, त्या काळातला माणूस. वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते.

१९७९ मध्ये बँकेच्या कारकुनाच्या मुलाखतीला गेलो. घरात एकच बुटांचा जोड, थोरल्या भावाचा, माझ्या पायाला दोन नंबर मोठा. आईने पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दिले. स्टँडवरून चालत गेलो तोवर बोळे सरकून टाचेखाली आले. आत गेलो तर प्रत्येक पावलाला कागदाचा आवाज. चर्रर्र, चर्रर्र. तीन साहेब समोर, आणि मी येतोय चर्रर्र करत. घाम फुटला.

मधले साहेब वयस्कर होते. काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, 'फार ऊन आहे आज. मी बूट काढून बसलोय टेबलाखाली, तुम्हीही काढा हवं तर.' खरंच त्यांनी काढले होते की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, देव जाणे. मी काढले. पुढची मुलाखत मी मोज्यांवर दिली. लागलो.

पुढे मी स्वतः त्या बाजूला बसलो तेव्हा पहिलं वाक्य कायम तेच म्हणायचो, 'फार ऊन आहे आज.' सोलापुरात वर्षातले आठ महिने ते खरंही असतं.

जाता जाता, केंद्र सरकारने २०१६ पासून क गटाच्या आणि ब गटातल्या अराजपत्रित जागांच्या मुलाखती बंदच केल्या. लेखी परीक्षेवर निवड. त्यामुळे त्या पोरांना बूट कुठला घालायचा हा प्रश्नच उरला नाही. वरच्या परीक्षांना मात्र आहे. यूपीएससीच्या व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५ गुण असतात, तिथे पोरं उसने कोट घालून जातात म्हणे.

कडकभाकरी | रविवार, ८:५२

चर्रर्र! __/\__

टॉवेलपट्टी | सोमवार, सकाळी ९:०५

@जुना_भोंगा, दंडवत. काय लिहिलंय.
@नुकताच_बीकॉम, थांबवून ठेवण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. आमच्याकडेही शनिवारी अकराची वेळ दिली होती आणि मालकांना यायला साडेबारा झाले. ते मी धाग्यात लिहिलं नव्हतं, आता लिहितो. तरीही, थांबायला लावलं म्हणून गालात मावा का?

नुकताच_बीकॉम | सोमवार, ९:१४

दीड तास बाहेर बसवल्यावर त्याने तिथेच मळून घेतला असेल, काका.

प्लेसमेंटवाल्या_बाई | सोमवार, १२:३०

एका कॉलेजात प्लेसमेंटचं काम बघते. गंमत म्हणून नाही, जरा सविस्तर लिहिते, कारण दोन्ही बाजू रोज बघते.

आमची निम्मी मुलं मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट भागातून एसटीने येतात. बारावीपर्यंत कुणाच्या केबिनमध्ये शिरायचा प्रसंगच आलेला नसतो. दार वाजवायचं, 'येऊ का' विचारायचं, 'बसा' म्हटल्यावर बसायचं, ही गोष्ट त्यांना कोणी शिकवलेली नसते आणि आपण धरून चालतो की ती आईच्या पोटातून येते. एकदा सराव मुलाखतीत मी मुलाला म्हटलं, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ,' तर तो उभा राहिला आणि शाळेतल्या प्रतिज्ञेच्या चालीत सुरू झाला, हात शरीराला चिकटवून. त्याला मी उर्मट म्हणू?

कपड्यांचं म्हणाल तर आमच्या खोलीत एक कपाट आहे. त्यात सहा ब्लेझर, चार टाय आणि काळ्या बुटांचे पाच जोड. जुन्या विद्यार्थ्यांनी दिलेले. कंपनी आली की मुलं आळीपाळीने घालतात. एक जण मुलाखत देऊन बाहेर आला की व्हरांड्यात ब्लेझर काढतो, दुसरा त्यात शिरतो. मागच्या वर्षी तिसऱ्या मुलाला आत गेल्यावर कंपनीच्या बाईंनी विचारलं, 'हा ब्लेझर मी सकाळपासून तिसऱ्यांदा बघतेय का?' तो म्हणाला, 'हो मॅडम, पण माणूस वेगळा आहे.' त्याला घेतलं त्यांनी.

आता दुसरी बाजू. ज्यांना हे सगळं माहीत आहे, ज्यांच्या घरी गाडी आहे, बूट आहेत, अशी मुलं ऑफर घेतात आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करून टाकतात. कंपनी मग पुढच्या वर्षी येत नाही. मला चप्पल चालते. हे चालत नाही. त्यात ज्याला जागा मिळायला हवी होती, त्याची पुढच्या वर्षाची पण जाते.

आणि मुलींना 'लग्न कधी करणार' हा प्रश्न विचारणाऱ्या साहेबांच्या रीतभातीवर कोणीतरी वेगळा धागा काढा. मी लिहायला लागले तर रात्र पुरणार नाही.

पूर्वभागाची_पोर | सोमवार, १२:४१

बाई, तो धागा काढाच. मला 'लग्न झाल्यावर सासरचे पाठवतील का' असं विचारलं होतं. सासर कुठलं ते मलाच माहीत नव्हतं. म्हटलं, काय की!

(या वेळी मुद्दाम म्हटलं.)

कोथरूडचा_काका | सोमवार, २:०५

मूळ मुद्दा भरकटतो आहे. पोशाखाला महत्त्व आहे की नाही, एवढंच सांगा. टाय घातल्याने माणूस सावध बसतो, हा माझा अनुभव आहे.

सातरस्ता | सोमवार, २:२०

काका, मे महिन्यात या. चव्वेचाळीस डिग्री, एमआयडीसीत पत्र्याचं शेड, लाइट गेलेली. टाय घालून बसा. सावध नाही, बेशुद्ध व्हाल. शिवाय नळाला काही दिवसांआड पाणी. पोरगं इस्त्रीचा शर्ट आधी धुणार कशात ते विचारा. आमच्याकडे पाण्याच्या दिवशी मुलाखत असली तर माणूस मुलाखतीला जात नाही, पाणी भरतो.

अवांतर: सोलापूरला पोशाखाची शिस्त माहीत नाही असं कोणी म्हणू नये. संक्रांतीला गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत बघा. नंदीध्वजाबरोबर चालणारा माणूस, मग तो वकील असो, भाजीवाला असो, पांढऱ्या बाराबंदीत असतो. बारा बंद बांधायचे, घाईत एकही सोडायचा नाही. तिथे कोणाला सांगावं लागत नाही.

जुना_भोंगा | सोमवार, २:४४

बाराबंदीचं खरं आहे. आमच्या शाखेतला शिपाई रोज दोन बटणं उघडी टाकून यायचा, पण यात्रेत त्याची बाराबंदी अशी कडक की साहेबांनी ओळखला नाही आणि वाकून नमस्कार केला.

टेप_आणि_कात्री | सोमवार, ३:३०

बाराबंदी शिवणं सोपं काम नाही, सांगून ठेवतो. बंद सगळे सारख्या अंतरावर आले नाहीत तर पुढचं पान तिरकं पडतं. यात्रेला आठ दिवस उरले की लोक जागे होतात आणि 'उद्या द्या' म्हणतात. मुलाखतवाल्यांसारखेच.

शेंगाचटणी | सोमवार, ४:१५

@टॉवेलपट्टी, एक विचारू? सोलापुरातल्या बऱ्याच ऑफिसांत, पेढ्यांत आत जाताना पायातलं बाहेर काढायची पद्धत आहे. तुमच्याकडे कसं आहे?

टॉवेलपट्टी | सोमवार, ५:५०

…बाहेरच काढतात.

शेंगाचटणी | सोमवार, ५:५२

मग पाच जणांच्या पायात चपला होत्या हे तुम्हाला कळलं कसं?

टॉवेलपट्टी | सोमवार, ६:२०

दारात कॅमेरा आहे, माझ्या टेबलावर दिसतो.

कडकभाकरी | सोमवार, ६:२१

मेलो!!! म्हणजे काका टेबलावर बसून चपलांची मोजणी करत होते. बूटवाल्यांचे मोजे पण बघितले असतील, खरं सांगा.

टॉवेलपट्टी | सोमवार, ६:४०

बघितले. चौघांपैकी दोघांचे अंगठे बाहेर आलेले. आता हसा.

सातरस्ता | सोमवार, ६:४४

मग चपलावालेच बरे की! जास्त पारदर्शक.

प्लेसमेंटवाल्या_बाई | सोमवार, ७:१०

आमच्या कपाटात आता मोज्यांचे जोड पण ठेवते.

नुकताच_बीकॉम | सोमवार, ७:३०

सगळं झालं, पण मुलाखतीत विचारलं काय ते कोणीच विचारत नाही. कामाचं कोणाला येत होतं?

टॉवेलपट्टी | सोमवार, ९:१५

हा प्रश्न चांगला आहे. खरं तर त्याचं उत्तर द्यायचं मी टाळत होतो.

मी सगळ्यांना एक साधा प्रश्न विचारतो: पगारातून, ठेकेदाराच्या बिलातून कापलेला टीडीएस, म्हणजे आयकर, सरकारकडे कधी भरायचा? नऊपैकी सहा जणांना सांगता आलं नाही. दोघांनी 'पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत' सांगितलं. एकाने सांगितलं, 'सात तारीख, पण मार्चमध्ये कापलेला तीस एप्रिलपर्यंत.' मालकांनी माझ्याकडे बघितलं. हे आमच्याकडे दहा वर्षं काम केलेल्या माणसालासुद्धा दर वर्षी सांगावं लागतं.

हा तोच, रबरी स्लिपरवाला.

मालक म्हणाले, घेऊन टाका. मी म्हटलं, जरा दमा. माझ्या डोक्यात ती स्लिपर. 'सात तारीख' सांगणाऱ्या दोघांतला एक इस्त्रीचा, भांग पाडलेला, 'गुड आफ्टरनून सर' म्हणणारा होता. त्याचं नाव पुढे केलं. त्याने लगेच होकार दिला, सोमवारपासून येतो म्हणाला.

म्हणजे आज.

कडकभाकरी | सोमवार, ९:१८

आला नाही ना?

टॉवेलपट्टी | सोमवार, ९:२५

फोन बंद आहे.

जुना_भोंगा | सोमवार, ९:३२

स्लिपरवाल्याला फोन करा की आत्ताच.

टॉवेलपट्टी | मंगळवार, सकाळी ११:००

केला. शनिवारी आमच्याकडून निघून तो थेट एका सीएंच्या ऑफिसात गेला होता, तिथे काल रुजूही झाला. मी म्हटलं, 'अभिनंदन.' तो म्हणाला, 'सर, सॉरी हं, शनिवारी स्लिपरवर आलो. अशोक चौकात चपलेचा अंगठा तुटला, समोरच्या दुकानात तेवढीच मिळाली. वेळेत पोचायचं होतं.'

अकराच्या आधी पोचलेला तो एकटाच होता. कॅमेऱ्यात बघितलं परत. दहा पन्नास.

पूर्वभागाची_पोर | मंगळवार, ११:०६

:(

कोथरूडचा_काका | मंगळवार, ११:४०

हा अपवाद आहे. अपवादावरून नियम बनवू नये.

सातरस्ता | मंगळवार, ११:४२

काका, तुम्ही टाय सैल करा जरा.

टॉवेलपट्टी | मंगळवार, दुपारी १:१०

जागा अजून रिकामीच आहे. या वेळी जाहिरातीत लिहिलंय: मुलाखत शनिवारी अकरा वाजता, बायोडेटा कागदावर आणणे, मावा आणू नये. येणार नसाल तर एक मेसेज करा. ज्यांना घेणार नाही त्यांना मी कळवीन. बुटांचं वाक्य लिहिलं होतं, खोडलं.

फोन उचलणाऱ्या आणि बाप बोलणाऱ्या मुलांना मात्र मी अजूनही माफ केलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

नुकताच_बीकॉम | मंगळवार, १:२५

मार्चचा तीस एप्रिल मलाही येतं, काका. टॅली येतं, जीएसटीचं रिटर्न भरता येतं. पगार किती?

टॉवेलपट्टी | मंगळवार, १:५०

चौदा हजार पाचशे.

कडकभाकरी | मंगळवार, १:५१

अखेर! तीन दिवस लागले माणसाला.

नुकताच_बीकॉम | मंगळवार, १:५८

पीएफ धरून की सोडून?

टॉवेलपट्टी | मंगळवार, २:१५

सोडून. शनिवारी या.

नुकताच_बीकॉम | मंगळवार, २:१६

अकरा म्हणजे अकराच ना?

टॉवेलपट्टी | मंगळवार, २:३०

मालकांना साडेदहाची वेळ सांगितली आहे.

कडकभाकरी | मंगळवार, २:३१

मोजे बघून घाल बे, कॅमेरा आहे.